रोज 200 वेळा ग्रिपर दाबूनही कड्यावर हात का भरून येतात

तुझा प्रश्न मला असा समजला. सहा महिन्यांपूर्वी तू स्क्रू फिरवून कमी-जास्त करता येणारा, 40 किलोपर्यंतचा ग्रिपर, म्हणजे मुठीत दाबायचा स्प्रिंगचा चिमटा, घेतलास. ऑफिसला जाता-येता रोज 200 वेळा दाबतेस. सुरुवातीला 15 किलोला जीव निघायचा, आता 35 किलो आरामात जमतात. तरीही मागच्या रविवारी तैलबैल्याच्या कातळभिंतीवर चढताना निम्म्या वाटेतच कोपराखालचे हात दगड झाले, बोटं उघडेनात, शेवटी दोरावर बसावं लागलं. त्यातच उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलंय. म्हणून आता 60 किलोचा ग्रिपर घ्यावा का, असं विचारते आहेस.

घेऊ नकोस. तुझी मेहनत वाया गेलेली नाही, पण ती कड्यावरच्या कामासाठी झालेली नाही. हे नीट समजलं तर पुढची दोन वर्षं वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आत्ता बसल्या जागी एक करून बघ. टेबलाच्या कडेवर चार बोटांची टोकं ठेवून खाली दाब, आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा मांसल भाग चाचप. तो टणक झालेला लागेल. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते इथे असतात. त्यांच्यापासून निघालेल्या कंडरा, म्हणजे टेंडन, मनगटातून बोटांपर्यंत दोरासारख्या जातात. त्यांतल्या काही मधल्या पेरापाशी संपतात, काही थेट शेवटच्या पेरापर्यंत पोचतात. मासेमारीच्या गळाच्या काठीवर दोरा धरून ठेवायला कड्या असतात, तशा बोटाच्या हाडाला चिकटलेल्या पट्ट्या या टेंडनना धरून ठेवतात. त्यांना पुली म्हणतात. तळव्याजवळच्या पेरावरची पुली, जिला ए-टू म्हणतात, प्रस्तरारोहकांना सर्वांत जास्त दगा देते.

आता ग्रिपर दाबताना काय होतं ते बघ. मूठ मिटते, उघडते, मिटते, उघडते. स्प्रिंग जितकी दाबावी तितकी ताठ होत जाते, म्हणजे सर्वांत जास्त जोर मूठ जवळजवळ बंद झाल्यावर लागतो. कड्यावर याच्या अगदी उलट असतं. खाच धरल्यावर बोटं हलत नाहीत. ती अर्धवट उघडी असतात, आणि तुझं वजन ती आणखी उघडायला बघत असतं. तिथे काम दाबण्याचं नसतं, उघडू न देण्याचं असतं. स्नायू ज्या कोनात ताकद कमावतो, त्या कोनाच्या आसपासच ती जास्त कामी येते. शिवाय ग्रिपरचा दांडा तळव्यात आणि बोटांच्या मधल्या भागात बसतो, तर बारीक क्रिंपवर, म्हणजे बोटांची टोकंच मावतील अशा कडेवर, फक्त टोकाचं पेर असतं. तू तुझे हात लहान असल्याचं लिहिलंयस. लहान हाताला ग्रिपरच्या दांड्यांमधलं अंतर मुळातच मोठं पडतं, त्यामुळे पहिल्या इंचाला अंगठ्याचा तळ आणि मनगटच जास्त राबतं. कोपराच्या दुखण्यात याचाही वाटा असावा असं मला वाटतं.

हात भरून येतात ते का, हे कळणं सर्वांत महत्त्वाचं आहे. स्नायू आवळलेला असताना त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात. कमाल जोराच्या साधारण निम्म्यापर्यंत पोचलं की रक्त जवळजवळ थांबतं. ग्रिपर दर वेळी सुटतो, तेवढ्यात रक्त येऊन जातं, म्हणून 200 वेळा दाबता येतं. खाच धरून तू बिलेवाल्याला, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याला, ओरडून सांगतेस, पुढचा होल्ड, म्हणजे धरायची जागा, शोधतेस, पाय कुठे ठेवायचा ते ठरवतेस, तोवर 20 सेकंद हात बंदच असतो. रक्त येत नाही आणि आत साचलेलं बाहेरही पडत नाही. यावर मुख्य उपाय दोन: बोटांची कमाल ताकद वाढवायची, म्हणजे तीच खाच धरायला तिचा कमी हिस्सा लागेल आणि रक्त वाहतं राहील. किंवा खाच हलक्या हाताने धरायला शिकायचं.

दुसरा उपाय फुकटचा आहे, आणि तुझ्या बाबतीत तो आधी करायला हवा. तैलबैल्याची भिंत बहुतेक उभी आहे, अंगावर येणारी नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट थराथरांचा. आडव्या पायऱ्या, खाचा, कपारी भरपूर मिळतात. अशा कातळावर वजन पायांनी पेलायचं असतं, हातांनी फक्त तोल सांभाळायचा. पण खाली खिंड दिसते, वारा सुटलेला असतो, दोर अडकवायला कातळात ठोकलेला शेवटचा बोल्ट पायांच्या खाली राहिलेला असतो, आणि माणूस भीतीने प्रत्येक खाच जिवाच्या आकांताने आवळतो. चांगला हातभर मोठा होल्डसुद्धा. मी नवख्यांना बिले देताना खालून त्यांचे हात नव्हे, कोपर बघतो. कोपर बाहेर फाकून वर उचलले गेले की पुढच्या पाच मिनिटांत माणूस दोरावर बसणार हे ठरलेलं.

यासाठी सराव असा. टॉप रोपवर, म्हणजे दोर वरून आलेला असताना, सोप्या वाटेवर, दोन्ही पाय चांगले असताना थांब. एक हात खाचेवर ठेव आणि पकड हळूहळू ढिली करत जा, अगदी बोटं सुटायला लागेपर्यंत. मग केसभर घट्ट कर. तेवढीच पकड तिथे लागत होती. प्रत्येक होल्डवर हे केलंस की दोन-तीन रविवारांत कळेल की तू किती जास्त आवळत होतीस. दुसरं, हात सरळ ठेव. वाकलेल्या कोपराने लटकलं की दंड आणि कोपराखालचा हात दोन्ही दमतात. सरळ हाताने लटकलं की बराच भार हाडांवर जातो. विश्रांतीच्या जागी एकेक हात खाली सोडून झटक, घाई करू नकोस.

आता ताकदीकडे. सुताराकडून सागवानाची एक पट्टी करून घे. हाताची चार बोटं मावतील एवढी लांब, 20 मिलिमीटर खोल कड असलेली. कड पॉलिश पेपरने गोलसर करून घे, धारदार ठेवू नकोस, कातडी फाटते. तिला स्लिंग, म्हणजे चढाईतला पट्ट्याचा फास, बांध आणि स्लिंगला पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा रिकामा कॅन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून वजन अगदी नेमकं वाढवता येतं. उभं राहून, पाठ ताठ ठेवून, पट्टीच्या कडेला बोटं लावून कॅन जमिनीवरून दोन इंच उचलायचा आणि 10 सेकंद धरायचा. बोटं अर्धी वाकलेली हवीत. अंगठा वरून दाबून बोटं पूर्ण दुमडायची नाहीत, कारण त्या पूर्ण क्रिंपमध्ये ए-टू पुलीवर सगळ्यात जास्त ताण येतो. मग दोन मिनिटं थांबायचं. प्रत्येक हाताने असे पाच वेळा, आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून. वजन इतकंच की 10 सेकंदांनंतर आणखी चार-पाच सेकंद धरता आलं असतं. पंधरा दिवसांनी एक लिटर वाढवायचा. भिंतीवर लावतात त्या हँगबोर्डवर पूर्ण वजनाने लटकायची घाई सध्या नको. कॅनमुळे जमिनीवर उभं राहून तेच काम होतं आणि मोजताही येतं.

पंधरा दिवसांत एकच लिटर हे कमी वाटेल. मलाही तेविसाव्या वर्षी वाटलं असतं. त्या वर्षी पावसाळाभर मी घरी बोटांवर जोर काढला होता, स्नायू चांगले तयार झाले होते, आणि डिसेंबरात बदामीच्या वालुकाश्मावर एका बारीक क्रिंपवर पाय निसटला. अनामिकेतून टक् असा आवाज आला, तो खाली बिलेवर असलेल्या मित्रालाही ऐकू गेला. पुली फाटली होती. चार महिने कातळाला हात लावता आला नाही आणि वर्षभर ते बोट सकाळी आखडलेलं असायचं. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो. टेंडन आणि पुली यांना रक्तपुरवठा कमी, त्यांना महिने लागतात. स्नायूला जे जमतं ते पुलीला झेपत नाही, अशी एक फसवी वेळ प्रत्येकाच्या सरावात येते. तू आत्ता नेमकी तिथे आहेस.

म्हणून कोपर आधी. आतल्या बाजूचं हे दुखणं बहुतेक वेळा बोटं आणि मनगट वाकवणारे स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथलं असतं, आणि रोजच्या रोज शेकडो वेळा दाबल्याने ते चिडतं. ग्रिपर पूर्ण बंद कर. मांडीवर हात टेकवून, तळवा वर ठेवून, एक-दोन किलोचं डंबेल दुसऱ्या हाताने वर आण आणि दुखऱ्या हाताने तीन-चार सेकंद घेत हळू खाली सोड. दिवसाआड 15 वेळा, तीन फेऱ्या. किंचित दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलं तर वजन कमी कर. तीन आठवड्यांत फरक नाही पडला, किंवा करंगळीत मुंग्या येत असतील, तर फिजिओथेरपिस्टकडे जा, थांबू नकोस. पार्सलच्या पिशवीला लावतात तसली दोन-तीन रबरं बोटांभोवती घालून बोटं फाकवायचा व्यायामही रोज कर. मिटणारे स्नायू सगळे वाढवतात, उघडणाऱ्यांकडे कोणी बघत नाही, आणि खाच धरताना मनगट स्थिर ठेवायला हे उघडणारे स्नायूही मदत करतात.

हातातला ग्रिपर टाकून देऊ नकोस, कोपर बरं झालं की त्याला काम आहे. थंडीत सकाळी कड्याच्या पायथ्याशी 10 किलोवर लावून दोन-तीन मिनिटं सावकाश दाबायचा, हातात ऊब येईपर्यंत. थंड हातांनी पहिलीच अवघड वाट चढायला घेतली की हात असे भरतात की दिवसभर सुटत नाहीत. शिवाय जुमार मारणं, म्हणजे दोर पकडणाऱ्या क्लॅम्पने दोरावरून चढणं, हातोड्याने पेग, म्हणजे कातळातली मेख, ठोकणं, ओला दोर ओढणं, सुळक्यावर सामान वर खेचणं, या कामांत मूठ खरोखर दाबावी लागते. सुळके करणाऱ्या आपल्या लोकांना ती ताकद हवीच. त्या ताकदीसाठी ग्रिपर दाबताना वेग नको. दांड्यांमध्ये दोन रुपयांचं नाणं धरून ते पडू न देता 15 सेकंद थांबायचं. निदान हे धरून ठेवण्याच्या जवळ जातं.

दोरीच्या मल्लखांबावरची मुलं बघ. स्प्रिंग कधी हातात न घेता त्यांची पकड कशी असते! ती स्वतःचं वजन धरून ठेवतात, रोज, वेगवेगळ्या कोनांत. जर्मन प्रस्तरारोहक वोल्फगांग ग्युलिखने 1988 मध्ये न्यूरेंबर्गच्या जिममध्ये लाकडी पट्ट्यांची उलटी शिडी उभारली, तिला आज कॅम्पस बोर्ड म्हणतात. तीही याच विचाराने, की व्यायामातली पकड कातळावरच्या पकडीसारखीच हवी. तीन वर्षांनी त्याने जर्मनीतल्या फ्रँकेनयुरामधली ॲक्शन डिरेक्ट ही अतिशय अवघड वाट चढली. कॅम्पस बोर्डच्या नादी मात्र तू इतक्यात लागू नकोस, तो अनेक वर्षांच्या चढाईनंतरचा विषय आहे.

तुझ्या पंधरा वर्षांच्या भावालाही हे सुरू करायचंय, असं शेवटी लिहिलंयस. त्याला पट्टी आणि कॅन दोन्ही नको. या वयात बोटांची हाडं वाढत असतात, आणि जोराने क्रिंप करणाऱ्या मुलांना मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यापाशी, वाढीच्या जागीच, हाड मोडण्याचा धोका असतो. त्याने नुसतं भरपूर चढावं, मोठ्या होल्डवर, पायांकडे लक्ष देऊन. बोटाचा सांधा दुखला तर त्याच दिवशी थांबायचं आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं.

60 किलोच्या ग्रिपरची ऑर्डर टाकली असशील तर रद्द कर. सुताराकडे जाताना वहीत तारीख, लिटर आणि कोपर किती दुखतंय हे लिहायला सुरुवात कर, आणि सहा आठवड्यांनी ते आकडे इथे टाक. तैलबैल्याला पुन्हा केव्हा जायचं ते त्यावरून बघू.