ईश्वरसाक्ष की दृढकथन?

प्रश्न : मी देव मानत नाही. विधानसभेला अपक्ष उभं राहायचं मनात आहे. अर्ज भरताना किंवा शपथेच्या वेळी कुठे अडेल का? आणि असा माणूस निवडून येतो का?

उत्तर : नास्तिक आहात म्हणून कायदा तुम्हाला अडवत नाही. सर्वसाधारण जागेच्या अर्जात धर्माचा रकानाच नसतो. सोबतच्या नमुना २६ च्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण विचारतात, श्रद्धा नाही.

घोळ होतो तो शपथेपाशी. अर्ज दिल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते, आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झालेली हवी. छाननीच्या सकाळी घेऊ म्हणालात, तर अर्ज बाद होतो. म्हणून अर्ज दिला की तिथेच शपथ उरकून टाका आणि तसा दाखला मागून घ्या. मसुद्यात दोन पर्याय असतात : 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की' आणि 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की'. तुम्ही दुसरा वाचायचा. दोन्हींचं कायदेशीर वजन सारखंच आहे, त्यामुळे कारण देत बसू नका. आमदार झालात तर सभागृहातही हेच.

निवडून येण्याचं म्हणाल, तर नुसत्या नास्तिकतेवर मतं मिळत नाहीत. २०११ च्या जनगणनेत धर्म न नोंदवलेले लोक जेमतेम ०.२४ टक्के होते, आणि तेही सगळे नास्तिक नव्हेत. तरीही नास्तिक नेते निवडून आलेत : ई. एम. एस. नंबुद्रिपाद १९५७ मध्ये केरळचे मुख्यमंत्री झाले, ज्योती बसूंनी पश्चिम बंगाल २३ वर्षं सांभाळला, करुणानिधी तमिळनाडूत पाच वेळा मुख्यमंत्री झाले. पण या तिघांच्याही मागे जमीन, मजुरी, भाषा अशा प्रश्नांवर वर्षानुवर्षं राबलेली संघटना होती. तमिळनाडूचं उदाहरण तर बारकाईने पाहाच. द्रविड चळवळीचे नास्तिक नेते पेरियार यांनी १९५३ मध्ये गणपतीच्या मूर्ती फोडल्या. त्यांच्यापासून वेगळे होऊन द्रमुक पक्ष काढणाऱ्या अण्णादुराईंनी मात्र 'एकच कुळ, एकच देव' अशी भूमिका घेतली, आणि १९६७ मध्ये सत्ता आली ती त्यांच्या पक्षाची. आमच्या मते अपक्षाची खरी अडचण देव नसून बूथवर बसायला माणसं नसणं ही आहे. श्रद्धेबद्दल कुणी विचारलं तर खरं ते एका वाक्यात सांगा आणि पाण्याच्या, रस्त्याच्या प्रश्नाकडे वळा. खोटा टिळा लावून फिरू नका, लोक ओळखतात.

प्रश्न : विरोधक धर्माच्या नावावर मतं मागत असेल तर?

उत्तर : लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार तो निवडणुकीतला 'भ्रष्ट आचार' ठरतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की यात उमेदवाराबरोबर मतदाराचा धर्मही धरायचा. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. अशा याचिका पडतात त्या बहुधा तपशिलावाचून. तारीख, ठिकाण, वक्ता आणि त्याचे नेमके शब्द लिहा. बोलणारा स्वतः उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी नसेल, तर उमेदवाराची किंवा त्या प्रतिनिधीची संमती होती हेही दाखवावं लागतं. चित्रफीत जोडणार असाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं, आणि मूळ फोन जपून ठेवा.