आफ्रिकेतल्या छोट्या कोरडवाहू शेतकऱ्याला संरक्षित पाण्याचा, म्हणजे पावसाच्या खंडात पीक वाचवायला शेततळ्यातून दिलेल्या पाण्याचा, खरंच उपयोग होतो का?

होतो, पण फक्त पाणी देऊन भागत नाही.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडची जवळपास 95 टक्के शेती पावसावर आहे. बुर्किना फासोचंच बघा. उत्तर भागात जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, ज्वारी-बाजरीपुरता बहुतेक वर्षी तो पुरतोही. घात होतो तो मधल्या खंडाने. ज्वारी पोटरीत किंवा फुलोऱ्यात असताना दोन-तीन आठवडे पावसाने ओढ दिली, की कणसात दाणा भरत नाही. आपल्याकडे मराठवाड्यात, विदर्भात हेच दुखणं आहे, म्हणून शेततळ्याची कल्पना मराठी शेतकऱ्याला लगेच पटेल.

हिशोब सोपा आहे. पाव हेक्टरवर 50 मिलिमीटरची एक पाळी (एका वेळचं पाणी) म्हणजे 125 घनमीटर पाणी. 300 घनमीटरच्या तळ्यात झिरपा आणि बाष्पीभवन धरून जेमतेम दोन पाळ्या निघतात. पण वेळेवर मिळालेल्या त्या दोन पाळ्या पीक वाचवतात.

तिथल्या ज्वारीवरच्या प्रयोगांत नुसत्या पाण्याने उत्पादन वाढलं, पण पाणी आणि खत दोन्ही दिल्यावर ते जवळपास तिप्पट झालं. जमीन इतकी भुकेली आहे! म्हणून तळ्याच्या योजनेत खताची सोय नसेल तर ती मला अर्धवट वाटते.

खरी अडचण खोदाईची. जांभ्यासारखी कठीण जमीन हाताने फोडायची, तीही उन्हाळ्याच्या तडाख्यात. अस्तराला पैसे लागतात, पाणी उपसायला पंप किंवा पायपंप लागतो. सुरुवातीला अनुदान हवंच. तळ्याकाठी थोडा भाजीपाला घेतला, तर खर्च लवकर भरून निघायला मदत होते.