सेकंडहँड बोटीचा विमा कितीचा काढावा?

भावा, कोल्हापुरात बसून मालवणात चालवायला जुनी फायबर बोट घेतलीस, तर खरेदीच्या पावतीवरचा आकडा तसाच विम्याला टाकू नकोस. सर्व्हेअर (बोट तपासून किंमत लावणारा माणूस) बोलव आणि बोट पाण्याबाहेर काढून दाखव. तो हातोडीनं तळ ठोकत जातो. आवाज खणखणीत आला तर ठीक, भद्द आला की फायबरचे थर एकमेकांपासून सुटलेत समज. इंजिनाची किंमत वेगळी लावून घे, किती तास चाललंय त्यावर.

पॉलिसी शक्यतो ठरलेल्या किमतीची घे, म्हणजे बोटीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून पॉलिसीत लिहिलेली. १९६३ च्या सागरी विमा कायद्यानुसार फसवणूक नसेल तर तोच आकडा पक्का धरतात. हप्ता वाचवायला किंमत कमी दाखवलीस, तर भरपाईही तेवढीच मिळणार (मग एजंटाशी भांडू नकोस). जेट्टीवर शेजारी तसलीच बोट केवढ्याला गेली, तेही विचार.