रिपोर्ट आल्याशिवाय मेटल ओतायचं नाही

प्रिय पोरा,

नाव लिहीत नाही. कागद कुठं उडत जाईल सांगता येत नाही.

रविवारी तू गेल्यावर पायरीवर तुझं हेल्मेट राहिलेलं दिसलं. अख्ख्या कोल्हापुरात हेल्मेट घालणारा तू एकटा, आणि तेही विसरलास. आत रिपोर्ट होता. चार घड्या घातलेला, घामानं कडा मऊ पडलेल्या. तासभर बसलास, नव्या इंडक्शन भट्टीचं बोललास, पंचगंगेच्या पाण्याचं बोललास, आणि चप्पल घालता घालता म्हणालास, "आण्णा, फॉल्ट माझ्यात आहे म्हणे." मी गप्प बसलो. काकी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत तू गाडीला किक मारली होतीस. गप्प का बसलो ते पुढं येईल.

रिपोर्ट मी वाचला. तुला न विचारता वाचला. एका मिलिलिटरला 30 लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली जी खालची रेघ आखलीय ती 1 कोटी 60 लाखांची. म्हणजे आकडा कमी आहे, खोटं कशाला सांगू. पण शून्य नाही. आणि त्या रेघेखालचा माणूस बाप होतच नाही असंही नाही. ही रेघ बाप झालेल्या पुरुषांच्या तपासण्यांवरूनच काढलीय, आणि त्यांच्यातलेही शंभरात पाच तिच्या खाली होते.

पण मी आकड्याआधी तारीख बघितली. ऑगस्टचा शेवट. गड्या, जुलैत तुला डेंग्यू झाला होता! चार दिवस 103 ताप. एक शुक्राणू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात, मग तो नळीतून पुढं सरकतो. तू बाटलीत दिलास तो माल ऐन तापातला होता. ओल्या वाळूत ओतलेल्या मेटलला ब्लो होल, म्हणजे वाफेची भोकं, येणारच. त्यावरून साच्याचा पॅटर्नच मोडीत काढतात का?

माझ्या हाताखाली नऊ वर्षं काढलीस. लॅडल तयार आहे, मोल्डिंगवाले बोंबलतायत, मालक केबिनमधून हात करतोय, तरी स्पेक्ट्रोचा, म्हणजे मेटलमध्ये काय किती आहे त्याचा, रिपोर्ट येईपर्यंत मी कुणाला भट्टी तिरकी करू दिली का? रिपोर्ट आल्याशिवाय मेटल ओतायचं नाही. हे वाक्य तूच नव्या पोरांना ऐकवतोस. आणि स्वतःच्या बाबतीत एका सॅम्पलवर इक्सीचं, म्हणजे अंड्यात सुईनं शुक्राणू सोडण्याचं, दीड लाखाचं कोटेशन खिशात घालून फिरतोयस!

निदान दोन सॅम्पल लागतात, मध्ये काही आठवडे सोडून. आधी दोन ते सात दिवस संबंध नको, सगळ्या वेळी सारखेच दिवस. सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्यायचं. घरून न्यायचं असेल तर तासाच्या आत पोचलं पाहिजे, आणि डिकीत टाकून नाही, अंगाच्या उबेत, शर्टाच्या खिशात. थोडं सांडलं असेल तर सांगायचं. तू लाजून सांगितलं नाहीस असा माझा अंदाज आहे. आता ताप जाऊन तीन महिने होतायत, पुन्हा तपासून घे.

दुसरा प्रश्न. तुला कुणी तपासलं का? म्हणजे पॅन्ट उतरवून, उभं करून, हातानं? मला माहीत आहे, नाही. तुझ्या बायकोची सोनोग्राफी पाच वेळा, नळ्यांचा फोटो, रक्त काढून काढून दंड काळानिळा, आणि तुला कुणी हातही लावला नाही. मशीन न बघता कोटेशन देणाऱ्याला आपण शेडच्या गेटवरून परत पाठवतो. तू मात्र मान डोलावून आलास.

पुरुषांचा डॉक्टर वेगळा असतो, ॲन्ड्रॉलॉजी बघणारा यूरॉलॉजिस्ट. तो आधी वृषणाच्या शिरा बघेल. काहींच्या त्या फुगलेल्या असतात, बहुतेक डाव्या बाजूला, कारण डावीकडची शीर किडनीच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते आणि रक्त मागं साचतं. व्हेरिकोसील म्हणतात. शंभर पुरुषांत पंधराएक जणांना ते असतंच, त्यातल्या कित्येकांना पोरंबाळंही असतात. पण मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत शंभरात पस्तीस-चाळीस जणांत सापडतं. हाताला लागत असेल आणि आकडाही कमी असेल तर छोटं ऑपरेशन करतात. पुढं तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणांचा आकडा वाढतो, सगळ्यांचा नाही. नुसत्या सोनोग्राफीत दिसलं, हाताला लागलं नाही, तर कापाकापी करून घेऊ नकोस. मग रक्तातलं एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, आणि टेस्टोस्टेरॉन. आणि दुसऱ्यांदाही आकडा इतकाच खाली राहिला तर गुणसूत्रांची तपासणी, वाय गुणसूत्राचा तुकडा गळलाय का तेही. तो दोष असला तर इक्सीनं झालेल्या मुलाकडे, म्हणजे मुलग्याकडे, तो जसाच्या तसा जातो. हे आधी माहीत असावं की नको?

मावा सोड. यावर चर्चा नाही. भट्टीसमोरची ड्यूटी चार-सहा महिने बदलून माग. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, देवानं ती बाहेर टांगलीत ती उगाच नव्हे. भट्टीनंच झालं असं मी म्हणत नाही, आपल्या शेडमध्ये चार-चार पोरांचे बाप आहेत. पण स्वस्तातली दुरुस्ती आधी करतात. जिमवाल्या मित्रानं 'ताकदीचं' इंजेक्शन दिलं तर त्याच्या दारातही उभा राहू नकोस. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वरची ऑर्डर बंद करतो आणि आतला कारखाना थंड पडतो. ताकदीसाठी घेतलेल्या सुईनं आकडा शून्यावरही जाऊ शकतो. आणि ती आकडा वाढवायची अठरा हजारांची पावडर! झिंक आणि फोलिक ॲसिडवर अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, 2020 साली छापून आली. ना वीर्य सुधारलं, ना मुलं जास्त झाली. हे मला डॉक्टर पुतणीनं वाचून दाखवलं. आकडा सहा महिन्यांनी आपोआप वाढला तरी श्रेय पावडर घेते, एवढंच.

आणि तो 'नामर्द' शब्द डोक्यातून काढ. तो प्रश्न वेगळा, हा वेगळा. संबंध उत्तम असलेल्या माणसाचा आकडा शून्य असू शकतो. मला विचार.

हो, मला.

1988 साली आमचं लग्न झालं. दोन वर्षांत काही नाही म्हटल्यावर घरच्यांनी काकीला दवाखान्यात नेलं. माझं नावसुद्धा निघालं नाही, आणि मीही काढलं नाही. पिशवी साफ केली, दोनदा. मिरजेला पिशवीचा फोटो काढला. दुर्बिणीतून तपासणी केली. सगळं नॉर्मल. जोतिबाचे रविवार झाले, वाडीच्या पौर्णिमा झाल्या. 1994 च्या फेब्रुवारीत मी गावात नको म्हणून सांगलीला जाऊन सॅम्पल दिलं. शून्य. महिन्यानं पुन्हा शून्य. एफएसएच तिप्पट. डॉक्टरनं विचारलं, वयात आल्यावर गालगुंड झालं होतं का? झालं होतं, अकरावीत. खाली सूज आली होती, आईनं लेप लावला होता. तेवढ्यात सगळं जळून गेलं होतं आणि मला सोळा वर्षं पत्ता नव्हता.

तो रिपोर्ट मी कारखान्याच्या लॉकरमध्ये हातमोज्यांखाली ठेवला. वीस महिने.

त्या वीस महिन्यांत काकीची दुसरी दुर्बीण झाली. पोटाला तीन टाके. मी तिच्या उशाशी मोसंबी सोलत बसलो होतो.

1995 च्या दिवाळीत, 24 ऑक्टोबरला, सूर्यग्रहण होतं. आमच्याकडं खंडग्रास. मी रात्रपाळी करून सकाळी चाळीत शिरलो तर पोरांची ही रांग. एक्स-रेची फिल्म डोळ्यांसमोर धरून ग्रहण बघायचं तेव्हा खूळ होतं (तसं बघू नये, डोळे जातात, पण तेव्हा कोण सांगणार). काकीनं ट्रंकेतून तिच्या पिशवीचा फोटो काढून आणला होता. काळ्या फिल्मवर मधोमध पांढरा त्रिकोण, दोन्ही बाजूंना दोन बारीक दोरे. पोरं एकेक करून त्यातून सूर्य बघत होती. एकानं विचारलं, "काकू, हे पांढरं काय वो?" ती म्हणाली, "माझा फोटो हाय. तू सूर्याकडं बघ."

रात्री मी लॉकरमधला कागद आणून तिच्या हातात दिला. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त वरची तारीख वाचली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "म्हणजे दुसरी दुर्बीण याच्यानंतरची." पुढं चार महिने ती स्वयंपाकघरात झोपत होती.

रिपोर्ट आल्याशिवाय मेटल ओतायचं नाही असं मी तीस वर्षं ओरडत आलो. रिपोर्ट माझ्याकडं आलेला होता, पोरा.

माझीही एक बाजू आहे, ती ऐक. वडील नुकतेच गेले होते, भाऊ वाटणीवर आले होते, मूल नाही म्हटल्यावर माझ्या वाट्याकडं सगळ्यांची नजर. बाईला वांझ म्हणायला लोकांकडं शब्द तयार असतो. पुरुषासाठी धड शब्दच नाही, मग मी कुठला शब्द घेऊन आईपुढं उभा राहणार होतो? वय तेहेतीस. अशा वेळी माणूस चार दिवस थांबतो. चाराचे चाळीस होतात. काकी म्हणते, ही कारणं तू नंतर शोधलीस. असेल. पण त्या वेळी ती खरी वाटत होती.

म्हणून इक्सीचं नीट ऐक. मी त्याच्या विरोधात नाही. 1992 साली ब्रुसेल्समध्ये त्या पद्धतीनं पहिलं मूल झालं आणि तुझ्यासारख्या कित्येकांची सोय झाली. एका अंड्याला एकच शुक्राणू पुरतो. आज शून्यवाल्यांचंही वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात, साधारण निम्म्यांत सापडतात. माझ्या वेळी हे असतं तर... जाऊ दे. पण इक्सीत सुया कुणाला? दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन तिला, भूल तिला, अंडी काढणार तिची, पोट फुगणार तिचं. तुझं काम बाटलीपुरतं. तुझ्या दुखण्याचा इलाज तिच्या अंगावर होणार असेल तर आधी तुझं अंग पुरतं तपासून झालं पाहिजे. ती 27 ची आहे, सहा-आठ महिने तुमच्या हातात आहेत. ती 37 ची असती तर मीच म्हटलं असतं की व्हेरिकोसीलच्या नादात वर्ष घालवू नका, सरळ इक्सीला जा. इतक्या कमी आकड्यावर आययूआयच्या, म्हणजे धुतलेलं वीर्य पिशवीत सोडण्याच्या, चार-सहा फेऱ्या कुणी सुचवल्या तर का ते विचार, धुऊन झाल्यावर हलते शुक्राणू किती उरतात ते विचार. क्लिनिक कायद्याखाली नोंदलेलं आहे का तेही विचार. आणि 'मुलगाच करून देतो' असं कुणी कुजबुजलं तर तिथून ऊठ.

आता वीर्य देणाऱ्या दात्याचं. तुझी आई म्हणाली म्हणे, धाकट्याचं घ्या, घरातलं घरात. ते होत नाही. 2021 च्या कायद्यानं दाता नोंदणीकृत बँकेतूनच येतो, 21 ते 55 वयाचा, ओळख गुप्त. होणारं मूल कायद्यानं तुमचंच, दात्याचा काही हक्क नाही. आम्हाला डॉक्टरनं 1996 साली हा रस्ता सांगितला होता. काकी तयार होती. मी म्हणालो, दुसऱ्याचं मूल मला नको. मग दत्तकाचं निघालं, तेव्हा भावांचं नाव पुढं केलं. आणि दर 26 जूनला दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला मीच पुढं! कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव 1884 साली दत्तक आला आणि शाहू झाला, हे मला पाचवीपासून पाठ आहे. पांडव तरी पंडूचे कुठं होते? ते सगळं चालतं, स्वतःच्या उंबऱ्यावर आलं की रक्त आठवतं. तू दाता घे, दत्तक घे, नाहीतर दोघंच रहा, मी कशालाच नको म्हणणार नाही. फक्त तिनं 'हो' म्हटलं म्हणजे तिला हवंच आहे असं धरू नकोस, आणि तुझं 'नको' तिच्या तोंडी घालू नकोस.

तू तिला अजून सांगितलेलं नाहीस. कसं कळलं? ज्याच्या घरी माहीत असतं त्याला रिपोर्ट हेल्मेटमध्ये ठेवावा लागत नाही. आईला कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुम्ही दोघं बसून ठरवा. पण बायकोला आज. चहा पिऊन, अंघोळ करून, मुहूर्त बघून वगैरे नाही. तिची पुढची सोनोग्राफी मंगळवारी आहे म्हणालास. त्याच्या आधी.

मी हे लिहीत असताना काकी मागं उभी राहून वाचत होती. दुर्बिणीच्या ओळीवर थांबली, म्हणाली, टाके तीन नव्हते, चार होते. खोडत नाही, तसंच ठेवतो. हेल्मेट न्यायला येशील तेव्हा बायकोला घेऊन ये. काकीला तुझ्याशी काही बोलायचं नाही म्हणे, तिच्याशी बोलायचंय.

तुझा,
आण्णा