शब्द पाठ होतात, पण लिहिताना सुचत नाहीत

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. अप्पा बळवंत चौकातून इंग्रजी शब्दसंग्रहाचं पुस्तक आणून रोज वीस शब्द अर्थासकट पाठ करते. आठवड्याभरात निम्मे डोक्यातून जातात आणि उरलेले निबंधात वापरले की वाक्य चुकतं. काय करू?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : दोष स्मरणशक्तीचा नाही, यादीचा आहे. एकाच क्रमाने वाचत गेलं की मागच्या शब्दाच्या आधाराने पुढचा आठवतो. उत्तरपत्रिकेत तो आधार कुठून येणार? शिवाय अक्षरवार यादीत सारखे दिसणारे शब्द जवळजवळ येतात आणि ‘मिटिगेट’ (तीव्रता कमी करणे) व ‘मिलिटेट’ (एखाद्या गोष्टीच्या विरोधात जाणे) यांची सरमिसळ होते. असे जुळे शब्द किंवा समानार्थी-विरुद्धार्थी जोड्या एकाच दिवशी घेऊ नका. एक पक्का झाला की मगच दुसरा.

यादीही बदला. न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात ५७० शब्दकुळं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं असे गट, आहेत. निबंधाला तीच आधी कामाला येते; भारदस्त, दुर्मीळ शब्दांची हौस नंतर.

प्रत्येक शब्दाचं कार्ड करा. पुढच्या बाजूला गाळलेली जागा असलेलं वाक्य : ‘ट्रीज हेल्प टू … द इफेक्ट्स ऑफ हीट.’ मागे ‘मिटिगेट’, उच्चारातला जोर पहिल्या अक्षरावर (‘मि’वर), नाम ‘मिटिगेशन’ आणि सोबत येणारे शब्द : रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज. वाक्य चुकतं ते या सोबत्यांमुळेच. ‘मिटिगेट’पुढे थेट कर्म येतं, ‘अगेन्स्ट’ लागतं ते ‘मिलिटेट’ला. ही माहिती इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात मिळते, इंग्रजी-मराठी कोशात क्वचितच.

नवे शब्द रोज सात-आठच. बुटांच्या खोक्यात चार कप्पे करा : पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने उघडायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. कार्ड उलटण्याआधी शब्द कागदावर लिहा. ‘हा येतो मला’ म्हणत कार्ड पुढे सरकवलं तर सगळी मेहनत पाण्यात. पहिल्या कप्प्यात तीसेक कार्डं तुंबली की नवे शब्द बंद. फोनवर करायचं असेल तर ‘अँकी’ हे अ‍ॅप तारखांचा हिशेब स्वतः ठेवतं. वाक्यं मात्र तुम्हीच घाला, दुसऱ्याचे तयार संच उतरवून घेऊ नका.

प्रश्न : कार्डावर मराठी अर्थ लिहिला तर चालेल का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : खुशाल लिहा, पण मागच्या बाजूला आणि एकाच शब्दात.