वाचकांचे प्रश्न : अ‍ॅस्ट्रोफिजिक्सचा पेपर घेऊ का?

प्रश्न : सर, मी लोणारजवळच्या खेड्यातली आहे, बीएस्सी सेकंड इयर, फिजिक्स-मॅथ्स-केमिस्ट्री. पुढच्या सेमला ऑप्शनमधे अ‍ॅस्ट्रोफिजिक्सचा सुरुवातीचा पेपर आहे. आवड खूप आहे पण मैत्रिणी म्हणतात गणित लय आहे, कॉलेजात टेलिस्कोप नाही अन् पुस्तकं सगळी इंग्लिशमधे. घेऊ का नको?
– एक विद्यार्थिनी, बुलढाणा जिल्हा

उत्तर : घे बेटा, बिनधास्त घे.

टेलिस्कोपचं आधी सांगतो. हा पेपर मुळात टेलिस्कोपला डोळा लावायचा नाहीच, ताऱ्याकडून येणाऱ्या उजेडातून माहिती काढायचा आहे. तारा काही प्रयोगशाळेत आणता येत नाही, मग उजेडाचा रंग कोणता, उजेड किती येतो, स्पेक्ट्रममधे, म्हणजे उजेड फोडून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, काळ्या रेघा कुठं कुठं आहेत, एवढ्यावरून त्याचं तापमान काय अन् तो कशाचा बनलाय हे शोधायचं. मृग नक्षत्रातला काक्षी तारा तांबूस दिसतो, तो साधारण साडेतीन हजार केल्विन (तापमानाचं एकक), अन् तिथलाच राजन्य तारा निळसर पांढरा, तो बारा हजारच्या आसपास, हे तुला अंगणातून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. देवयानी दीर्घिकेचा (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा मोठा समूह) धूसर ठिपका, २५ लाख प्रकाशवर्षांवरचा, तो तर अमावास्येच्या आसपास गावाकडं दिसतो आणि नागपूरच्या मधोमध राहणाऱ्या पोरांना दिसत नाही. म्हणजे आकाशाच्या बाबतीत तू मागे नाहीस, पुढे आहेस.

त्या काळ्या रेघांचं गणित आपले भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९२० मधे मांडलं. तेच वापरून सेसिलिया पेन नावाच्या पंचविशीतल्या मुलीने १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत, आणि मोठ्या लोकांना ते पटेना म्हणून तिला स्वतःच्याच निकालावर शंका लिहावी लागली. पुढे तीच बरोबर निघाली. हे प्रकरण आलं की घाईने पुढे जाऊ नको, कोर्समधलं सगळ्यात सुंदर तेच आहे.

आता गणित. लॉग पक्का पाहिजे, कारण ताऱ्यांची प्रत, म्हणजे तेजस्वीपणा, लॉगमधे मोजतात, प्रतीत ५ चा फरक म्हणजे उजेडात १०० पट फरक. थोडं डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन लागतं, तेवढं तुला येतंच. खरी अडचण युनिट्सची होते, पुष्कळ पुस्तकं जूल-मीटर सोडून अर्ग (ऊर्जेचं जुनं एकक) आणि सेंटीमीटरमधे लिहिलेली असतात, तर पहिल्या आठवड्यातच वहीच्या मागच्या पानावर रूपांतरं लिहून ठेव. बाकी गणित कसं असतं त्याचा नमुनाच देतो, पेन घेऊन बस.

सूर्य किती वर्षं जळेल? सूर्याचं वस्तुमान २ गुणिले १० चा ३० वा घात किलो, आणि तो दर सेकंदाला साधारण ४ गुणिले १० चा २६ वा घात जूल ऊर्जा बाहेर टाकतो. समजा सगळा सूर्य दगडी कोळशाचा आहे, किलोमागे ३ कोटी जूल धर. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं जेमतेम ५ हजार वर्षं. नाही पटत. मग एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्विन हे शास्त्रज्ञ म्हणाले की सूर्य स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतो अन् त्यातून ऊर्जा मिळते, ते गणित केलं तर साधारण ३ कोटी वर्षं येतात. खूप वाटतात ना? पण तुझ्या लोणारचं विवर ज्या काळ्या दगडात पडलंय तो बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे पायाखालचा दगड सूर्यापेक्षा म्हातारा निघाला! भूगर्भवाले आणि फिजिक्सवाले यांच्यात असंच कोडं कित्येक वर्षं होतं. १९२० मधे एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने सुचवलं की हायड्रोजनचा हेलियम होताना थोडं वस्तुमान कमी होतं त्याचीच ही ऊर्जा. ते प्रमाण ०.७ टक्के, आणि सूर्यातला मधला दहावा हिस्साच असा जळतो असं धर, प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने गुण, उत्तर साधारण १००० कोटी वर्षं. त्यातली साडेचारशे कोटी होऊन गेलीत. बघ, यात बारावीच्या पलीकडचं काहीच लागलं नाही. आकडे अंदाजे घेऊन बरोबर प्रश्न विचारायची ही सवय लागली की पेपर अवघड जात नाही.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नको, दोनेकशे शब्द पुन्हा पुन्हा येतात, दिवाळीपर्यंत सवय होते.

प्रश्न : माही पोरगी तारे शिकतो म्हन्ते. कापसाचं तं तुमाले माहीतच हाय, घरात पैसा नाही. शिकून पुढं नोकरी लागते का, खरं खरं सांगजा.
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दादा, खरं सांगतो. नुसत्या या एका पेपरवर नोकरी लागत नाही. पण पोरगी बीएस्सी फिजिक्सच करणार, पेपर त्यातलाच, वेगळा खर्च नाही. पुढे जायचं तर एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा असते, आणि पीएचडीला नेट या परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७ हजार फेलोशिप मिळते, म्हणजे तेव्हा शिकायला घरून पैसा लागत नाही. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण (ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी) आहे, आपल्याच राज्यात. मधे सोडलं तरी हिशोब, डेटा आणि कॉम्प्युटर प्रोग्रामिंग हातात राहतं, ते बाहेर चालतं. पीएचडी म्हणजे पाच-सहा वर्षं हे मात्र घरात आधीच बोलून घ्या, नाहीतर मधेच लग्नाचा विषय निघतो अन् पोरीचं शिक्षण अर्धवट राहतं.

प्रश्न : मृग लागलं की आम्ही पेरणीच्या तयारीला लागतो, मग जूनमधे मृग नक्षत्र आभाळात काऊन दिसत नाही?
– एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : कारण तेव्हा सूर्यच मृगात असतो. ७-८ जूनला मृग लागलं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला, मग ते तारे दिवसा डोक्यावर असतात अन् उजेडात बुडून जातात. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला पोचते तेव्हा तेच मृग रात्रभर दिसतं. आणखी एक, पृथ्वीचा आस जवळपास २६ हजार वर्षांत एक फेरी घेत डोलतो, त्यामुळे मृग लागायची तारीख साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते, पावसाळा मात्र तिच्यासोबत सरकत नाही, म्हणून पेरणी तारखेवर नको, जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच करा.