दहा डाइव्ह झाल्या म्हणून लगेच इन्स्ट्रक्टर होता येत नाही

दहा स्कूबा डाइव्ह झाल्या, आता सुट्टीत इन्स्ट्रक्टर म्हणून काम करायचं, हा तुझा उत्साह आवडला, पण आधी खरं सांगतो. नाताळच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला काम मिळेल, ते मदतनीसाचं. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमाने डाइव्हमास्टरला (इन्स्ट्रक्टरच्या आधीची पायरी) 60 आणि इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला 100 डाइव्ह लागतात. यंदा सिलिंडर उचल, वजनाचे पट्टे बांध, बोट धू. कंटाळवाणं वाटेल, पण माणसं तिथेच कळतात.

आतापासून एवढंच कर:

- महापालिकेच्या तलावात रोज न थांबता 400 मीटर पोह. गंगापूर धरणात एकट्याने सराव करायला जाऊ नकोस.
- कान. नवे लोक दुखायला लागल्यावर नाक धरतात, तोवर उशीर झालेला असतो. खाली जाताना दर मीटरला, दुखण्याआधीच, नाक धरून नाकातून हलकेच फुंकर मार, म्हणजे कानातला दाब सारखा होतो. सर्दी असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, मालक कितीही म्हणो.
- पाण्याखाली सिलिंडरवर असताना श्वास कधीच रोखायचा नाही.

पर्यटकांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत नसतं. माझ्या पहिल्या सीझनला एका काकूंनी माझं मनगट असं आवळलं, की नखांचे वण दोन दिवस होते. मी हात सोडवायला गेलो, तीच चूक. हात तसाच राहू दे, डोळ्यांत बघ, सावकाश श्वास घेऊन दाखव.

आणि हो, शेवटची डाइव्ह मारून त्याच रात्रीची नाशिकची गाडी पकडू नकोस. वाटेत घाट, आपलं गाव जवळपास 600 मीटरवर. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि डाइव्हमध्ये अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एक दिवस मुक्काम कर, सोलकढी पी, मग निघ.

डिकम्प्रेशनचे तक्ते (किती खोलीवर किती वेळ थांबायचं ते) वगैरे पुढच्या वर्षी बघू.